इंग्रजीत आवाज नसतो

गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बेबीनंदाला सांगितलं होतं, गाठ निघाली, जिवाचा धोका टळला, आवाजाचं तेवढं बघावं लागेल. ते बघता बघता वर्ष गेलं आणि आवाज काही आला नाही. माणसाच्या गळ्यात दोन पडदे असतात. ते जवळ येतात, मधून वारा जातो, ते थरथरतात आणि आवाज निघतो. बेबीनंदाचा एक पडदा जागचा हलेना. वारा यायचा, जीभ वळायची, ओठ मिटायचे, शब्द सगळे तोंडातून बाहेर पडायचे, पण कुजबुजल्यासारखे. मोठ्या शहरात आणखी एक ऑपरेशन होतं म्हणे, पण त्याची खात्री डॉक्टरही देईनात. तिनं तो नाद सोडला.

कुजबुजीचं एक आहे, ती समोरच्याला लागते. गावात, धावड्याच्या किराणा दुकानात बेबीनंदानं साखर मागितली की दुकानदारही हळूच भाव सांगायचा आणि मागं उभं असलेलं गिऱ्हाईक कान टवकारायचं. घरी नवरा, राजानंद, जेवता जेवता कुजबुजत मीठ मागायचा. मंग स्वतःच कपाळावर हात मारायचा. "मला काय झालंय, मी कशाला दबून बोलून राह्यलो?" असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा. तीही हसायची. तिच्या हसण्यालाही आवाज नव्हता.

धावड्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत, मिरचीच्या वावरांमधून गेलं की एक वस्ती लागते. तिथं जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत मुख्याध्यापक शरदचंद्र सर तिसरी-चौथी घ्यायचे, दुसरीत बेबीनंदा पहिली-दुसरी. रजा संपल्यावर ती स्कुटीवर शाळेत आली आणि पहिल्यासारखी शिकवू लागली. राजानंदनं तिला एक माइक आणून दिला होता. टेम्पोवर भाजी विकणारे गळ्यात अडकवतात तसला. पण त्यातून कुजबुज मोठी झाली, तिचा आवाज झाला नाही. कुकरची शिटी अर्ध्यात अडकावी तशी वाफ नुसती वर्गभर फुसफुसायची. पोरं पोट धरून हसली. माइक कपाटात गेला.

तरी काम चाललं. गणिताला फळा पुरत होता. मराठी तर पोरं घरून घेऊनच येतात. इंग्रजी मात्र पोरं तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. सरांनी सुचवलं म्हणून तिनं मोबाइलवर इंग्रजी गाणीही लावून पाहिली. पोरं ती ऐकायची, माना डोलवायची आणि विसरून जायची. त्यांच्या लेखी ती मोबाइलची इंग्रजी होती. मॅडमची इंग्रजी वेगळी.

ऑपरेशननंतर पहिलीत आलेली पोरं आता दुसरीत गेली होती. त्यांनी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती म्हणायची, पोरं मागं म्हणायची, आणि शेजारच्या खोलीतून चौथीचे पाढे दणदणत यायचे. पोरं इंग्रजी हळू वाचतात ते बुजतात म्हणून, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. खरं म्हणजे तिच्या डोक्यात तिचा जुना आवाज अजून चालूच होता. ती कुजबुजायची आणि तिला ऐकू यायचा तो पहिलाच खणखणीत आवाज.

ही पोरं मागं म्हणायला फार पक्की होती. त्याला कारण वस्तीवरचं बुद्धविहार. तिथं दर रविवारी संध्याकाळी तातेराव बाबा वंदना सांगायचे आणि सगळी पोरं मागं म्हणायची. बाबांना दम्याचा त्रास. तिसऱ्या सरणाला, संघं सरणं गच्छामिला, त्यांचा श्वास अडायचा, ते थांबायचे, हलकंसं खोकायचे आणि पुढं जायचे. पोरंही तिथं थांबायची, हलकंसं खोकायची आणि पुढं जायची. बाहेरगावचे पाहुणे आले की हसू दाबायला तोंडावर रुमाल धरायचे. वस्तीवर कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. सांगणारा जसं सांगेल तसं म्हणायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, असंच त्यांना कळत होतं. बेबीनंदाही त्या खोकल्याला हसली होती. तीच गोष्ट आपल्या वर्गात चालू आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं केंद्रप्रमुख राधेश्याम सर आले त्या दिवशी.

थंडीचे दिवस होते. सर मोटारसायकलवरून आले, कानटोपी काढली, चहा घेतला आणि दुसरीच्या वर्गात जाऊन बसले. त्यांनी मोनालीला उठवून इंग्रजीचं पान वाचायला लावलं. मोनाली वर्गातली हुशार पोर. तिनं पुस्तक समोर धरलं आणि सबंध पान न अडखळता वाचलं. कुजबुजत.

सरांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं. मोनालीनं छाती भरून श्वास घेतला आणि आणखी जोरात वारा सोडला. शब्द तसेच, फक्त फुसफुस वाढली. सरांनी मिथुनला उठवलं. तोही तसाच. शेवटच्या रांगेतल्या संध्यालाही वाचायला लावलं. तीही तशीच. मंग त्यांनी मराठीची कविता म्हणायला लावली, तर पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढा आवाज निघाला.

सर बुचकळ्यात पडले. त्यांनी मोनालीला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळा, मराठी एवढी मोठ्यानं म्हणते, मंग इंग्रजी का हळू?"

मोनालीला प्रश्नच कळला नाही. तिनं एकदा बेबीनंदाकडं पाहिलं आणि सरांना समजावून सांगितलं, "सर, इंग्रजीत आवाज नसतो. आवाज मराठीत असतो."

बेबीनंदा भिंतीला टेकून उभी होती. पोरांना वाटत होतं की मॅडम मराठी हळू बोलतात ती दुखण्यामुळं, आणि इंग्रजी तर असतेच तशी.

राधेश्याम सर वाईट माणूस नव्हते. ते तिला सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. ऑफिसात बसल्यावर म्हणाले, तुमच्या तब्येतीचं मला समजतं, पण त्या पोरांनी काय गुन्हा केला? पुढच्या महिन्यात वाचनाची तपासणी होती. तेव्हा ते पुन्हा येणार होते. पोरं तोवर सुधारली नाहीत तर दोन्ही वर्ग शरदचंद्र सरांकडं जाणार आणि मॅडमनी ऑफिसचं बघायचं, असं ठरलं. शरदचंद्र सरांनाही ते पटलं. ते जालन्याचे, निवृत्तीला आलेले, मनानं भले. त्यांना मोबाइलवर येणाऱ्या सरकारी माहितीच्या लिंका भरायचा फार कंटाळा होता. तुम्ही लिंका भरा, मी वर्ग घेतो, तुमचा गळाही वाचेल, असं त्यांनी तिला मनापासून सांगितलं.

घरी राजानंदलाही ते बरंच वाटलं. खुर्चीवर बसून काम, पगार तोच, वरून डोक्याला ताप नाही. तो बोलत होता तोवर ती भाकरी थापत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं हात धुतले आणि त्याच्या समोर बसली.

"पोरांनी माझी नक्कल बराबर केली," ती म्हणाली. "एक अक्षर सोडलं न्हाई. म्हणजे माझं शिकवणं पोचतंय. फक्त आवाज पोचला न्हाई. तो मी पोचवीन."

"कुठून आणशील?"

"ते अजून ठरलं न्हाई."

राजानंद तिला ओळखून होता. त्यानं ताट पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना सांगितलं की इंग्रजीलाही आवाज असतो. पोरांना ते खरं वाटेना. मंग आतापर्यंतची इंग्रजी खोटी होती का, असं मिथुननं विचारलं. खोटी नव्हती, अर्धी होती, ती म्हणाली. मंग पोरांनी आवाज काढायला सुरुवात केली आणि नवाच घोळ झाला. मराठीत अक्षर दिसलं की आवाज कळतो. ब दिसला की ब, प दिसला की प. इंग्रजी तशी सरळ नाही. एस हे अक्षर कॅट्समध्ये नुसता वारा सोडतं, आणि डॉग्जमध्ये त्याच अक्षराला गळ्यातून झणकार द्यावा लागतो. इजला आहे, हिजला आहे, धिसला नाही. व्याकरणात याला घोष आणि अघोष म्हणतात. डी.एड.ला असताना बेबीनंदानं ते पाठ केलं होतं. पण तिच्या कुजबुजीत दोन्ही सारखेच झाले होते. पोरांनी कधी ऐकलंच नव्हतं, तर ती अंदाजानं म्हणू लागली. कुणी सगळीकडं वारा सोडायचं, कुणी सगळीकडं झणकार.

घोष ओळखायची एक सोपी खूण आहे. गळ्यावर बोटं ठेवायची. थरथरलं तर घोष, नाही तर अघोष. बेबीनंदानं मोनालीला जवळ बोलावलं, तिची बोटं आपल्या गळ्यावर ठेवली आणि डॉग्ज म्हणाली. मोनाली वाट पाहत राहिली. बेबीनंदानं पुन्हा म्हटलं. पोरीनं बोटं थोडी वर सरकवली, थोडी खाली सरकवली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुमचा गळा झोपलाय."

बेबीनंदानं तिचा हात बाजूला केला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि फळ्याकडं वळली. मोबाइलमधल्या बाईला आवाज होता, पण गळा नव्हता. पोरांना जागा गळा पाहिजे होता, हात लावून बघता येईल असा. आणि मागं म्हणायला पुढं कुणी तरी सांगणारं पाहिजे होतं.

शाळा सुटल्यावर ती तातेराव बाबांच्या घरी गेली. ते ओट्यावर वाळल्या मिरच्या निवडत बसले होते. जय भीम झाल्यावर तिनं आपलं काम सांगितलं. बाबांनी ते दोनदा सांगायला लावलं. एकदा ऐकू आलं नाही म्हणून आणि एकदा खरं वाटलं नाही म्हणून.

"मला इंग्रजी? बाई, मला मराठी अक्षर यायला केस पिकले. लोकं हसतील."

"हसतील तर," तिनं कबूल केलं.

बाबांनी एका मिरचीचं देठ मोडलं. "पन्नाशीत पाटी घेतल्ती तवाबी हसलेच होते," ते म्हणाले. "बसा. काय म्हणायचं ते सांगा."

बाबांना झणकार समजायला मात्र वेळ लागला. तिनं त्यांना तोंडासमोर तळहात धरायला लावला आणि नुसता स म्हणायला सांगितलं. हाताला वारा लागला, गळा गप्प. मंग जीभ तिथंच ठेवायची, ओठ तसेच ठेवायचे, फक्त गळा चालू करायचा. बाबा स म्हणायचे आणि गळा चालू करायला गेले की जीभ हलायची. परत पहिल्यापासून. सूनबाई चहा घेऊन आली आणि सासरा माशीसारखा घोंघावताना पाहून दारातच थांबली. मंग एकदम जमलं. स चालता चालता खालून झणकार आला. बाबांनी गळ्यावर हात ठेवून तो पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला.

"ही तर विहिरीवरची मोटार झाली," ते म्हणाले. "पाइप तोच. मोटार बंद का चालू, एवढाच फरक."

बेबीनंदानं तीन आठवडे जिवाचं रान केलं. बाबा रोज वर्गात यायचे, खुर्चीवर बसायचे. ती त्यांच्या कानाशी कुजबुजायची, ते मोठ्यानं म्हणायचे, पोरं मागं म्हणायची. पोरांची बोटं आधी बाबांच्या गळ्यावर, मंग स्वतःच्या. बाबा मध्येच खोकले की सबंध वर्ग इंग्रजीतही खोकायचा. ते मोडायला एक आख्खा दिवस गेला. बाबांनीच पोरांना दटावलं की खोकला माझा आहे, तो इंग्रजीचा नाही. हळूहळू मोटार बंद, मोटार चालू ही पोरांची बोलीच झाली. घरी पोरं आयांना विचारायची की भाकरीत मोटार चालू आहे का बंद.

शरदचंद्र सर दारातून पाहायचे. एक दिवस त्यांनी तिला बाजूला घेतलं. पोरांचा आवाज निघाला याचा त्यांना आनंदच होता, पण तपासणीला बाहेरचा माणूस वर्गात दिसला तर उलटंच होईल, असं ते म्हणाले. राधेश्याम सर विचारतील, शिकवतं कोण? मॅडम का बाबा? आणि बाबा किती दिवस येणार?

हे तिच्याही मनात होतंच. त्याचं उत्तर शोधायला तिला फुरसत मिळाली नाही. त्याच आठवड्यात बाबांना मंठ्याहून निरोप आला. तिथं दिलेली लेक बाजेवरून उठत नव्हती. बाबा पिशवी भरून निघाले. जाताना शाळेत डोकावले. "पोरांना येतं आता," एवढं म्हणून ते निघून गेले.

पोरांना येत होतं ते झालेल्या धड्यांपुरतं. नवं पान उघडलं की पुन्हा अंदाज सुरू. बेबीनंदा रिकाम्या खुर्चीकडं पाहत राहिली. मंग तिनं ती खुर्ची उचलली आणि ऑफिसात ठेवून आली. खुर्ची दिसली की पोरं तिच्याकडंच बघायची. तिला पोरांची नजर आपल्यावर पाहिजे होती.

वर्गात परत येऊन तिनं सांगितलं की आजपासून बोलायचं पोरांनी आणि मोटारीचं बटण मॅडमच्या हातात. ती शब्द कुजबुजणार. शेवटी तळहात तोंडासमोर नेला तर मोटार बंद. बोटं गळ्यावर ठेवली तर चालू. पोरांनी तिच्याकडं बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. मोनालीनं आधी म्हणायचं, बाकीच्यांनी मागं. दुसऱ्या दिवशी मिथुननं, तिसऱ्या दिवशी आणखी कुणी.

पहिले दिवस वाईट गेले. हात बघावा तर शब्द ऐकू येईना, शब्द ऐकावा तर हात हुकायचा. एकदा तिला गळ्यावर डास चावला, तिनं खाजवलं आणि सबंध वर्ग झणकारून उठला. तिला हसू आलं, पण तिनं शब्द पुन्हा घेतला. चुकला की पुन्हा. पोरं कंटाळली की ती थांबायची, त्यांना मैदानात पळवून आणायची आणि पुन्हा तोच शब्द. राजानंद म्हणाला, तू झोपेतसुद्धा गळ्यावर बोटं ठेवून राह्यली. ती म्हणाली, बरंय, हात तरी जागा आहे.

राधेश्याम सर सांगितलेल्या दिवसाच्या आधीच आले. वर्गात बसले, मोनालीला उठवलं. मोनालीनं पान वाचलं, मोठ्यानं, झणकारासकट. मिथुननं वाचलं. सरांनी मान डोलावली, पण पुस्तक मिटलं आणि ते बेबीनंदाकडं वळले.

"मॅडम, कुणी तरी बाबा येऊन पाठ करून घेतात असं माझ्या कानावर आलंय."

"येत होते, सर," ती म्हणाली. "मला त्यांचा आवाज लागत होता. आता ते मंठ्याला आहेत."

"मंग हे धडे त्यांचेच. तुमचं मला बघू द्या. नवीन काही शिकवा, माझ्यासमोर."

तिनं खडू त्यांच्याकडं दिला. सरांनी फळ्यावर स्वतःच दोन वाक्यं लिहिली. हे त्याचं घर आहे. ह्या त्याच्या शेळ्या आणि कोंबड्या आहेत. इंग्रजीत. त्यातले शेळ्या आणि कोंबड्या हे शब्द पोरांनी याआधी पाहिले नव्हते. शरदचंद्र सर दारात येऊन उभे राहिले होते.

बेबीनंदा फळ्याजवळ गेली. पहिला शब्द कुजबुजली आणि तळहात तोंडासमोर नेला. वर्ग म्हणाला, धिस. दुसरा शब्द कुजबुजली, बोटं गळ्यावर. वर्ग म्हणाला, इज. आवाज पत्र्याला जाऊन लागला. पुढचा, बोटं गळ्यावरच. हिज. घराला तळहात. हाउस. पहिलं वाक्य निघालं. दुसऱ्यात शेळ्या आल्या. गोट्स, मोटार बंद. कोंबड्यांना बोटं गळ्यावर गेली आणि मिथुननं वारा सोडला.

ती थांबली. वर्ग बरोबर म्हणाला होता, एकट्या मिथुनचं चुकलं होतं. पुढं गेलं असतं तरी चाललं असतं. ती त्याच्या बाकापाशी गेली, त्याची बोटं उचलून त्याच्याच गळ्यावर ठेवली आणि शब्द पुन्हा कुजबुजली. त्यानं पुन्हा वारा सोडला. तिनं पुन्हा सांगितलं. साहेब बसलेत म्हणून पोर घामाघूम झालं होतं. राधेश्याम सरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढं चला अशी हातानं खूण केली. ती पुढं गेली नाही. पोराचे डोळे आपल्याकडं येईपर्यंत वाट पाहिली आणि तेवढा शेवटचाच आवाज घेतला. आधी तळहात तोंडासमोर, नुसता वारा, मंग बोटं गळ्यावर, त्याच वाऱ्यावर मोटार. मिथुननं डोळे मिटले. वारा आला, अडखळला, आणि खालून झणकार उठला.

"हेन्ज," मिथुन म्हणाला. मंग कुणी न सांगता सबंध वाक्य म्हणाला.

बेबीनंदानं वर पाहिलं. राधेश्याम सर आपल्याच गळ्यावर बोटं ठेवून बसले होते. ती पाहते आहे हे कळल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि ते उठले.

"वर्ग तुमच्याकडंच राहू द्या," ते म्हणाले. "मी उरलेलं ऑफिसात बघतो."

ते गेल्यावर शरदचंद्र सर दारातच घुटमळले. त्यांच्या हातात मोबाइल होता. पोषण आहाराची लिंक आजच भरायची होती, ती उघडत नव्हती, मॅडम जरा आल्या तर जल्दी होईल, असं ते अवघडून म्हणाले.

"सर," बेबीनंदा म्हणाली, "माझा तास चालू आहे."

सरांना ते ऐकू गेलं. ते मोबाइल खिशात ठेवत आपल्या खोलीकडं गेले. तिनं फळा पुसला आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.